मेलेला कॉम्प्युटर आणि तीस रुपयांचा सेल

पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरी मुलं शाळेत जातात, जे शाळा समितीवर आहेत किंवा ज्यांच्या ऑफिसात कोपऱ्यात चार कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून मला आता बावीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात सेनगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. सर म्हणाले, "भाऊ, आमच्या लॅबचे दहाही पीसी चालू होईना गेलेत. निर्लेखनाला टाकायलोत. तुम्ही फक्त एक पत्र द्या की दुरुस्त होत नाहीत म्हणून."

निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेत वस्तू रजिस्टरवरून कमी करणं. त्यासाठी असं पत्र लागतं आणि दुकानदार ते लेटरहेडवर देऊन टाकतात. खोटं कशाला बोलू, मीही अशी पत्रं पूर्वी दिली आहेत. बसल्या जागी शिक्का मारायचा, चहा प्यायचा. आता वाईट वाटतं.

या वेळी म्हटलं, बघून तरी येऊ.

लॅबचं कुलूप उघडायलाच दहा मिनिटं गेली, किल्ली ज्या शिपायाकडे होती तो हळद काढायला शेतात गेला होता. आत दहा टेबलं, दहा कॉम्प्युटर, वर प्लास्टिकची कव्हरं आणि पालींची अंडी. भिंतीवर 'संगणकाचे भाग' असा सुंदर रंगवलेला तक्ता. २०११-१२ च्या आसपासची मशिनं, इंटेलचा एच६१ चिपसेट, आय३ प्रोसेसर, २ जीबी रॅम, वर विंडोज ७. त्या काळात चांगलाच माल होता हा. आजही टायपिंग, हिशेब, इंटरनेट, व्हिडिओ सगळं करील असा.

पहिला चालू केला. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत 'सीमॉस चेकसम बॅड' आणि खाली 'पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा'. मी विचारलं, "सर, एफ१ दाबला नाही का कधी?" सर म्हणाले, "कीबोर्ड ऑफिसात नेलाय ना, दाबणार कसा?"

हसू नका. हे असंच असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित कमी आकाराचा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसच्या सेटिंग लक्षात ठेवणं हे त्याचं काम. चार-पाच वर्षांत तो संपतो. ज्या खोलीचा मेन स्विच कायम बंद असतो तिथे लवकर संपतो, कारण बोर्डाला बाहेरून वीज मिळत असली की घड्याळ तिच्यावर चालतं, नाहीतर सगळा भार सेलवर. म्हणजे 'कॉम्प्युटर जपून ठेवा, मेन बंद ठेवा' असं म्हणणारी शाळाच सेल लवकर संपवते. किंमत आमच्याकडे वीस-तीस रुपये.

सेल गेला की मशीन दर वेळी उठताना सगळं विसरलेलं असतं. तारीख मागे जाते, या मशिनांवर १ जानेवारी २०१२ दिसत होती. तारीख मागे गेली की इंटरनेटवरची सुरक्षित साईट उघडत नाही, कारण साईटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या घड्याळाशी जुळत नाही. ब्राउझर सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे. मग मास्तर म्हणतात नेट चालेना, नेटवाला म्हणतो कॉम्प्युटर खराब, आणि यू-डायसची माहिती भरायला सगळे गावातल्या सेवा केंद्रावर जातात.

हे झालं सोपं. खरी गंमत पुढे.

दहा सेल टाकले. सहा मशीन एफ१ न मागता पुढे गेली, पण विंडोजचं चित्र येतंय न येतंय तोच निळा पडदा आणि परत रिस्टार्ट. पुन्हा निळा, पुन्हा रिस्टार्ट. इथेच दोन वर्षांपूर्वी आलेल्या कुणीतरी 'हार्डडिस्क गेल्या' असं लिहून दिलं होतं. सहाच्या सहा हार्डडिस्क एकदमच कशा जातील हा प्रश्न कुणाला पडला नाही.

निळ्या पडद्याच्या खालच्या आकड्यात शेवटी ७बी होतं. त्याचा अर्थ, विंडोजला ज्या डिस्कवरून उठायचं ती डिस्कच तिला वाचता येत नाही. डिस्क बायोसमध्ये तर दिसत होती, नाव-नंबरासकट. मग काय? तर सेल संपल्यामुळे बायोसच्या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा झाल्या होत्या. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. विंडोज टाकताना एएचसीआय होतं, आता बोर्ड आयडीईवर आला होता. माणूस तोच, पण दारात उभं राहून कानडीत बोलायला लागला, म्हणून घरच्यांनी दार लावून घेतलं.

डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, साटा मोडची ती एक ओळ बदलली, एफ१० दाबून सेव्ह केलं. विंडोज उठलं. डेस्कटॉपवर २०१७ च्या स्नेहसंमेलनाचा फोटो होता. सर एकदम गप्प झाले. फोटोतली पोरं आता कामाला लागली असतील.

सहा मशीन, एकेक ओळ. पाऊण तासही लागला नाही.

उरलेल्या चारांत वेगवेगळं निघालं. एकात मागच्या बाजूला जुना पेन ड्राइव्ह अडकून राहिलेला. सेटिंग मूळपदावर आल्यामुळे मशीन आधी त्याच्यावरून उठायला बघायचं, तिथे काही नाही म्हणून 'योग्य बूट डिव्हाइस निवडा' म्हणत थांबायचं. पेन ड्राइव्ह काढला, चालू. एकावर काहीच दिसेना, नुसत्या लांब लांब शिट्या. ही रॅमची ओरड. पट्टी काढली, तिचे सोनेरी दात पेन्सिल खोडायच्या रबराने पुसले, स्लॉटमध्ये ब्रश मारला, परत बसवली, दोन्ही बाजूंचा 'टक' आवाज येईपर्यंत. चालू. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा, दातांवर एक पापुद्रा चढतोच.

एक मशीन मात्र डोकं खाऊन गेलं. उठायचं, पण इतकं हळू की चहा होऊन प्यायला जाईल. बायोसमध्ये रॅम २ जीबी, विंडोज मात्र वापरतंय १ जीबी. आधी वाटलं ऑनबोर्ड ग्राफिक्सने रॅम खाल्ली असेल. खातं ते, पण निम्मी नाही. शेवटी एमएसकॉन्फिग उघडलं, बूटच्या टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम मेमरी'ला टिक मारून कुणीतरी १०२४ लिहून ठेवलं होतं. युट्यूबवर 'कॉम्प्युटर फास्ट करा' असे व्हिडिओ असतात, त्यातला हा प्रताप. त्या रकान्याचं नाव वाचून वाटतं की जास्तीत जास्त मेमरी दिली. खरं तर तो लगाम आहे, एवढ्याच्या पुढे जाऊ नकोस असा. टिक काढली, रिस्टार्ट केलं, विषय संपला. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर कुणी असं केलं असेल तर आजच बघा.

दहावं मशीन खरंच गेलेलं होतं. बोर्डावरचे कपॅसिटर फुगून वर आलेले. आपल्याकडच्या विजेचं ते रोजचंच, रात्री बल्ब पिवळा आणि पहाटे एकदम पांढराफक. त्याला सोडलं, पण त्याची रॅम आणि हार्डडिस्क काढून घेतली.

तर हिशेब असा. दहापैकी नऊ जिवंत. सेलचे तीनशे रुपये. शाळेने नवीन दहा कॉम्प्युटरचा प्रस्ताव तयार केला होता, साडेतीन लाखांच्या वरचा, आणि तो कुणाच्या टेबलावर पडून आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता माझा मुद्दा.

आपल्याकडे खरेदीला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना डिसेंबर २००४ मध्ये आली, २०१० मध्ये सुधारली. अनेक ठिकाणी ती 'बूट' पद्धतीने राबवली गेली, म्हणजे कंपनीने उभारायचं, चालवायचं आणि मुदत संपली की शाळेच्या ताब्यात द्यायचं. मुदत साधारण पाच वर्षांची. कॉम्प्युटर उठण्यालाही बूट म्हणतात आणि या ठेक्यालाही बूट, योगायोग बघा. पाच वर्षं झाली की कंपनी गेली, तिने नेमलेले कंत्राटी संगणक शिक्षक घरी गेले. त्या शिक्षकांची मुंबईतली आंदोलनं तुम्हाला आठवत असतील. आणि सेल संपतो कधी? चार-पाच वर्षांनी. म्हणजे ज्या वर्षी मशीनला पहिल्यांदा माणसाची गरज पडते, नेमका त्याच वर्षी माणूस निघून जातो.

दुसरी गोष्ट भीतीची. कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेला असतो. मास्तरांनी स्क्रू उघडला आणि काही झालं तर वसुली पगारातून होईल ही धास्ती. त्यापेक्षा कव्हर घालून कुलूप लावलेलं बरं. बंद पडलेली वस्तू सुरक्षित आणि वापरलेली वस्तू धोक्याची, असा हा उलटा कारभार. डेडस्टॉक हे नाव ज्याने ठेवलं त्याला साष्टांग नमस्कार.

आणि आता यात नवी भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते, यूईएफआय लागतं, प्रोसेसर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीची जवळपास सगळी मशीन, चालू स्थितीतली, एका तारखेला 'जुनी' ठरली. माझ्या दुकानात रोज कुणीतरी विचारतं, "हा आता भंगारात द्यायचा का?" अरे, कालपर्यंत ज्याच्यावर बिलं काढत होतास त्याला रात्रीतून काय झालं?

त्याच वेळी नवीन रॅमचे भाव वर चढलेत. जगभरात एआयसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहायलीत, रॅम बनवणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्यात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा सर्वसामान्य ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत कुणी चॅटबॉटला प्रश्न विचारायचा आणि त्यापायी हिंगोलीतल्या शाळेचं कोटेशन वाढायचं, असे दिवस आलेत. अशा वेळी आपल्या कुलुपातल्या २ जीबीच्या पट्ट्यांना किंमत आहे, हे तरी लक्षात घ्या.

मी ही गोष्ट आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली तेव्हा एका मास्तर मित्राने फार तिखट उत्तर दिलं. तो म्हणाला, "पुण्या-मुंबईच्या पोरांना नवे लॅपटॉप आणि आमच्या पोरांना तुझे रबराने घासलेले पीसी? तू त्यांचं काम सोपं करायलास. जुनं चालतंय म्हटलं की नवीन येणारच नाही."

हे उत्तर मला दोन दिवस टोचत राहिलं, कारण त्यात खरं आहे. 'चालतंय ना' हा शब्द वापरूनच मराठवाड्याला कायम मागे ठेवलं गेलं. आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, तेव्हापासून किती ऑफिसं जुन्या टेबल-खुर्च्यांवर चालली ते आपण पाहिलंय. आणि याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, लायगो येतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळल्याची थरथर मोजणारं यंत्र आपल्या तालुक्यात, आणि शेजारच्या तालुक्यातली लॅब तीस रुपयांच्या सेलवाचून बंद. उद्या त्या लायगोत आपल्या पोरांनी नुसतं गेटवरच उभं राहायचं का?

तरीही मी मित्राशी सहमत नाही, आणि कारण साधं आहे. ज्या पोरीने आठवीत असताना त्या लॅबचं कुलूप पाहिलं ती आता दहावी होऊन गेली. नवीन कॉम्प्युटर आले तरी तिच्यासाठी येणार नाहीत. नवीन मागा, भांडून मागा, मी मोर्चात पुढे येतो. पण मागणीचा कागद फिरत असताना हे नऊ बंद का ठेवायचे? आणि एक खात्रीने सांगतो, सेल कुणी बदलायचा हे ठरलं नाही तर साडेतीन लाखांचे नवे दहाही २०३१ साली याच खोलीत याच कव्हराखाली सापडतील. त्यांनाही सेल असतोच.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पोरं खिडकीला लटकली होती. सरांनी आत घेतलं. नववीची एक मुलगी खुर्चीत बसली, माऊस उचलून हवेत धरला. मोबाईलवर अंगठा चालवणारी पिढी, पण माऊस पहिल्यांदा हातात. तिने विचारलं, "काका, याच्यात मराठी येतं का?" इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला. स्वतःचं नाव लिहायला तिला तीन मिनिटं लागली. नावात रफार होता, तो काही केल्या येईना. मग बाजूच्या पोराने सांगितलं की आधी र, मग हलंत, मग अक्षर. त्याला कसं माहीत? त्याची बहीण टायपिंगच्या क्लासला जाते. पुढचा अर्धा तास माझी तिथे कुणाला गरजच नव्हती.

सुरक्षेचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला. अशा मशीनवर बँकेचं, आधारचं, पगारबिलाचं काम करू नये, कुणी सांगितलं तरी करू नये. सेवा केंद्रवाल्यांनी तर अजिबात नाही, तुमच्याकडे लोक अंगठा ठेवतात. म्हणून शाळेच्या नवांपैकी चारांवर मी लिनक्स टाकून दिलं, हलकं, फुकटचं. केरळच्या सरकारी शाळा दोन दशकांपासून अशाच मोफत प्रणालीवर शिकतायत. आपल्या सी-डॅकचीही 'बॉस' नावाची लिनक्स आहे. तेव्हा हे काही जुगाडू खूळ नाही. बाकी पाच नेट न जोडता टायपिंग आणि गणितासाठी.

लिनक्स टाकताना रॅमचा प्रश्न आला. २ जीबीवर चालतं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की धापा टाकतं. बोर्डावर दोन स्लॉट होते. मेलेल्या मशीनची एक पट्टी मिळाली, तीन जुन्या माझ्या दुकानातून दिल्या, चारही मशीन ४ जीबीची झाली. इथे लोक एक चूक करतात, ती सांगतो. ३२ बिटच्या विंडोजवर ४ जीबी टाकली तरी सव्वातीनच्या आसपासच दिसते आणि मग दुकानदाराशी भांडण, की पट्टी डुप्लिकेट दिली. पट्टी बरोबर असते. ३२ बिटला पत्तेच ४ जीबीपुरते असतात आणि त्यातले काही बोर्डावरच्या इतर भागांना द्यावे लागतात. पूर्ण वापरायची तर ६४ बिट टाका. आणि जी४१ चिपसेटचा त्याहून जुना बोर्ड असेल तर आठ चिपवाली ४ जीबीची पट्टी बहुतेक वेळा उठतच नाही, सोळा चिपवाली लागते. हे मी दोन पट्ट्या विनाकारण परत पाठवल्यावर शिकलो.

मला काय हवंय ते थोडक्यात लिहितो. निर्लेखनाच्या प्रस्तावाला आत्ता जे 'दुरुस्त होत नाही' पत्र लागतं, त्याच्या जागी एका पानाची तपासणी लावा. सेल बदलून पाहिला का, रॅमची एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली का, बायोसमध्ये डिस्क दिसते का, साटा मोड दोन्ही प्रकारे तपासला का. खाली तपासणाऱ्याची सही आणि फोन नंबर. एवढं केलं तरी निम्मी मशीन परत येतील असा माझा बावीस वर्षांचा अंदाज आहे. आयटीआयमध्ये कोपा ट्रेडची पोरं आहेत, त्यांना हे काम प्रॅक्टिकल म्हणून द्या, शिकतील तरी. शाळा अनुदानातून दर तीन वर्षांनी सेल बदलायला मुख्याध्यापकांना लेखी मोकळीक द्या. आणि मशीन चांगलं चालू असताना बायोसच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून, प्रिंट करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे शेवटचं तर कुणाच्या परवानगीशिवाय उद्याच करता येईल.

जे खरंच मेलंय ते मात्र गल्लीतल्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो तांब्यासाठी वायर जाळतो, धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचं असतं.

पुढच्या रविवारी मी कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत चाललोय, तिथे चौदा मशीन बंद आहेत म्हणतात. दोन मित्र सोबत आहेत, अजून एखादा स्क्रूड्रायव्हर धरणारा आला तर बरं. ज्यांच्याकडे डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्ट्या पडून असतील त्यांनी दुकानात आणून द्या, पावती देतो. लॅपटॉपच्या छोट्या पट्ट्या नकोत. आणि डीडीआर२ आणू नका, तिची खाच वेगळ्या जागी असते, बसत नाही. मागच्या वेळी एका उत्साही माणसाने जोर लावून बसवली होती, तो स्लॉट अजून माझ्या टेबलावर आहे.